बर्फावरची फटफटी

नागेश धुरीच्या नजरेतून फार थोड्या गोष्टी पास व्हायच्या. कुडाळच्या घरची आंबोळी, जपानी इंजिनं आणि स्वतःच्या हातचं काम. बाकीच्या जगाकडे तो मान जराशी मागे टाकून, नाकाच्या शेंड्यावरून बघायचा, जसं काही ते जग त्याच्याकडे दुरुस्तीला आलंय आणि हे भंगार कोण घेऊन आलं असा त्याला प्रश्न पडलाय.

गल्फमध्ये त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. आधी शारजाला बोटींची इंजिनं, मग जेट स्की, मग वाळवंटात टुरिस्टांना फिरवणाऱ्या चार चाकी बाइक्स. सगळीकडे त्याच्या हाताचं नाव झालं आणि सगळीकडे त्याच्या तोंडाचंही झालं. मालक म्हणायचे, माणूस सोन्यासारखा आहे, फक्त त्याला कस्टमरसमोर आणू नका. शेवटी दुबईतल्या एका मॉलने त्याला उचललं. त्या मॉलच्या पोटात बर्फाची टेकडी होती. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आत लोक तिकीट काढून कुडकुडत असायचे.

नागेशला पहिल्याच दिवशी त्या जागेची किळस आली. भाड्याची निळी जाकिटं घालून, नाकं पुसत, फोन समोर धरून ओरडणारी माणसं. कुणी बर्फाचा गोळा करून बायकोला मारतोय, कुणी त्यात पाय रुतला म्हणून शूटिंग करतोय. "फ्रीजरात शिरायला रांगा लावतात," तो संध्याकाळी इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या खोलीवर आला की रफिकला सांगायचा. "आमच्याकडे मासे ठेवतात फ्रीजरात. ते तरी गप्प असतात."

रफिक दापोलीचा. स्कूलबस चालवायचा आणि शेजारच्या कॉटवर झोपायचा. नागेशचं सगळं बोलणं तो एका कानाने ऐकायचा, म्हणूनच दोघं इतकी वर्षं एका खोलीत टिकले होते.

त्या टेकडीवर एक स्नोमोबाइल होती. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, दोघांना ऐसपैस बसता येईल अशी लांब सीट, मागच्याला टेकायला पाठ, हाताला ऊब मिळावी म्हणून मुठींत तारा. खऱ्या बर्फाच्या मुलखात दिवसच्या दिवस प्रवास करायला बनवलेली टूरिंग गाडी ती. इथे तिला काम काय, तर पडलेल्या माणसाला खाली आणायचं आणि उरलेल्या वेळात हौशी पाहुण्यांना मागे बसवून टेकडीच्या पायथ्याशी चक्कर मारायची. त्या चकरीला मॅनेजरने 'स्नो सफारी' नाव दिलं होतं. नागेश तिला फटफटी म्हणायचा, आणि तेही ओठ वाकडा करून.

गाडी आली तेव्हा कंपनीने फिनलंडहून एक टेक्निशियन शिकवायला पाठवला होता. लालबुंद चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. त्याने पट्टा कसा ताणायचा, स्कीखालच्या पोलादी पट्ट्या कधी बदलायच्या, ड्राइव्ह बेल्ट कसा तपासायचा ते दाखवलं. मग म्हणाला, हिला गरम दमट हवेतून थेट थंडीत नेऊ नका. अंगावर धरलेलं पाणी आत जाऊन गोठतं. बाहेर काढलीच तर पुरती कोरडी करा. आणि गॅसच्या, म्हणजे अंगठ्याने वेग वाढवायच्या खटक्याच्या, केबलमध्ये ग्रीस भरू नका, हा पातळ स्प्रेच वापरा.

नागेश हाताची घडी घालून उभा होता. आपण अर्धं आयुष्य पाण्यात चालणाऱ्या इंजिनांवर काढलं आणि हा गोरा आपल्याला पाणी म्हणजे काय ते सांगतोय! स्प्रेची बाटली त्याने फळीवर नेऊन ठेवली आणि ती तिथेच राहिली. केबलमध्ये त्याने त्याचं नेहमीचं बोटीचं घट्ट ग्रीस भरलं. जेट स्कीला समुद्रात चाललं, ते या फटफटीला फ्रीजरात का चालू नये?

राहिली गाडी आतच ठेवून काम करायची गोष्ट. थंडीत नागेशचे गुडघे धरायचे. म्हणून तो रोज सकाळी मॉल उघडायच्या आधी गाडी मागच्या लोडिंग बेमध्ये ओढून आणायचा. तिथे शटर उघडं, पंखा चालू, बाहेरची चिकट हवा आत येतेय. थंडगार गाडी त्या हवेत आली की क्षणात तिला घाम फुटायचा. टाकीवर, हँडलवर, खटक्यावर पाण्याचे थेंब. नागेश वरवर फडका मारायचा, ग्रीस भरायचा, चहा प्यायचा आणि गाडी परत आत ढकलायचा.

ती चालवायची स्वप्नाली खानविलकर. डोंबिवलीची, सव्वीस-सत्तावीसची. फर्स्ट एडचा कोर्स करून आलेली, स्कीइंग इथेच शिकलेली. तिच्याबद्दल नागेशचं मत ठरलेलं होतं. "डोंबिवलीत हिने बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. आणि आता ही पेट्रोलिंग करते!" गाडीच्या किल्लीला एक गुंडाळीची दोरी होती, तिचं टोक चालवणाऱ्याच्या जाकिटाला अडकवायचं, म्हणजे माणूस पडला तर किल्ली निघते आणि इंजिन बंद होतं. बाकीचे ड्रायव्हर ती हँडललाच लटकवून ठेवायचे. स्वप्नाली प्रत्येक वेळी अडकवायची. नागेश त्या दोरीला दावं म्हणायचा. "म्हैस बांधून झाली का?" असं तो तिला येता-जाता विचारायचा.

ती हसायची नाही, चिडायचीही नाही. ते त्याला आणखी खुपायचं.

एकदा सकाळी ती लोडिंग बेमध्ये आली. "धुरीकाका, गॅसचा खटका परत यायला वेळ लावतोय."

"कुठचा खटका?"

"अंगठ्याचा. सोडला तरी जरा वेळ तसाच राहतो. पहिल्या फेरीलाच होतं. नंतर ठीक."

नागेशने चहाचा कप खाली ठेवला, गाडीकडे गेला आणि खटका दाबून सोडला. टक्कन परत आला. पुन्हा दाबला. टक्कन परत. मग तिच्याकडे वळला. "हे बघ. आणि आता तुझा अंगठा बघ. त्यावर एवढा जाड ग्लोव्ह. खटका सोडलाय की धरलाय, तुझं तुला तरी कळतं काय गो?"

"इथे गरम आहे म्हणून येतोय. आत येऊन बघा ना एकदा."

"मी काय पेंग्विन आहे?"

ती गेली. काही दिवसांनी परत आली आणि तेच सांगितलं. या वेळी नागेशने जागचं उठायचेही कष्ट घेतले नाहीत. मग ती मॅनेजरकडे गेली.

मॅनेजर म्हणजे अंकुर भागवत. पुण्याचा, कोथरूडचा. दाढी कोरलेली, बूट पांढरे. तो पाहुण्यांना गेस्ट म्हणायचा आणि त्यांच्या त्या घसरगुंडीला 'एक्सपीरियन्स'. नागेशच्या मते या माणसाने आयुष्यात एकच स्क्रू पिळला असणार, तोही चष्म्याचा, आणि तोही उलटा.

"नागेशभाई, स्वप्नाली म्हणते थ्रॉटलमध्ये इश्यू आहे. वीकेंड फुल बुक्ड आहे हां."

"मशीन ओके आहे सर. ड्रायव्हर बदला."

"पर्फेक्ट," अंकुर म्हणाला आणि त्याने विषय मिटवला. त्याला पर्फेक्टच ऐकायचं होतं.

त्या आठवड्यात अल ऐन शहरातल्या एका भारतीय शाळेची सहल आली. लहान वर्ग, दात पडलेली पोरं, सगळ्यांच्या नाकाला आधीच धार लागलेली. त्यांच्या बाई होत्या सुचित्रा गोडबोले. मुलांनी हट्ट धरला, "मिस, यू गो फर्स्ट! प्लीज, मिस!" बाईंनी पदर कमरेला खोचला, वर जाकीट चढवलं आणि स्वप्नालीच्या मागे बसल्या. पोरं घसरगाडीच्या उतारापाशी फोमच्या जाड भिंतीमागे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

नागेश लोडिंग बेच्या दाराशी चहा घेऊन उभा होता. त्याचं लक्ष नव्हतं. पण त्याच्या कानांना सुट्टी नसायची. वळणावर इंजिनाचा आवाज खाली यायला हवा होता. तो आला नाही. वरच राहिला, आणि मग आणखी चढला. कप नागेशच्या हातातून कधी पडला ते त्याला कळलं नाही. इतर कुणी मान वर करायच्या आत त्याला समजलं होतं की खटका अडकलाय, आणि तो का अडकलाय.

दाराच्या काचेतून त्याला गाडी सरळ फोमच्या भिंतीकडे जाताना दिसली. भिंतीमागे पोरं अजून टाळ्याच वाजवत होती. स्वप्नालीचा अंगठा हवेत होता. पुरता सुटलेला, स्पष्ट दिसणारा. तिने दुसरा हात छातीशी नेला आणि ती दोरी हिसकली. इंजिन गप्प झालं. गाडी तरीही घसरत राहिली, तिने अंगाने झोक देऊन हँडल वळवलं, आणि गाडी तिरपी होऊन भिंतीच्या कोपऱ्यावर आदळली. बाई बाजूला फेकल्या गेल्या. मग पोरांनी एकदम भोकाड पसरलं.

नागेश जाकिटाशिवाय, शर्टावर आत धावला. बाई बर्फात बसून डावं मनगट उजव्या हातात धरून होत्या. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. स्वप्नालीचा ओठ फाटला होता आणि ती तशीच बाईंच्या हाताला फळी बांधायला लागली होती. नागेश गाडीपाशी गेला. खटका दाबलेल्या अवस्थेत दगडासारखा घट्ट बसला होता. त्याने बोटाने मागे ढकलला तर हलेना.

स्वप्नालीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग फळीची गाठ आवळली.

थोड्या वेळात चार माणसांनी गाडी ओढत लोडिंग बेमध्ये नेली. तिथल्या उकाड्यात तिला पुन्हा घाम फुटला, केबलमधला बर्फ वितळला, आणि अंकुर मोबाइलवर व्हिडिओ घेत तिथे पोचला तोपर्यंत खटका मोकळा झालेला. अंकुरने आपल्या मऊ बोटाने तो दाबला. टक्कन परत आला. पुन्हा दाबला.

"वर्किंग," तो म्हणाला. "मशीन इज फाइन. पॅनिक झाली असणार ती."

नागेश बाजूलाच उभा होता. तो गप्प राहिला.

संध्याकाळी खोलीवर त्याने रफिकला सगळं सांगितलं. रफिकने पहिल्यांदाच दोन्ही कानांनी ऐकलं.

"गप बस," रफिक म्हणाला. "ती पोर आहे, जवान आहे, इंग्रजी बोलते. तिला दुसरीकडे काम मिळेल. तुला या वयात कोण व्हिसा देणार? खलास होशील. इन्शाल्ला दोन दिवसांत निवळेल सगळं."

"तो काय म्हणाला ऐकलंस? मशीन इज फाइन!" नागेश कॉटवरून उठून उभा राहिला. "तो! तो माझ्या मशीनला सर्टिफिकेट देतो! दोनदा टकटक केलं आणि झाला मेकॅनिक!"

"अरे पण ते तुझ्या फायद्याचं आहे ना?"

"त्याच्या तोंडून माझा फायदा?" नागेशने असा चेहरा केला की जणू जेवणात केस निघाला. "त्याला गाडीचं पुढचं-मागचं कळत नाही. आणि त्या माणसाच्या अकलेवर मी तगून राहायचं?"

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. अंकुर होता, सेफ्टीची एक उंच स्कॉटिश बाई होती, ओठावर टाके घेतलेली स्वप्नाली होती आणि शेवटच्या खुर्चीत नागेश. स्वप्नाली म्हणाली, मी दोनदा मेकॅनिकला सांगितलं होतं, एकदा सरांना. अंकुर मान हलवत होता. ऐकतोय असं दाखवायची त्याची ती पद्धत होती. मग तो नागेशकडे वळला. आवाज अगदी मधाळ.

"नागेशभाई, तुम्ही सीनियर आहात. तुमच्याकडे अशी काही ऑफिशियल कम्प्लेंट आली होती का? व्यवस्थित आठवून सांगा हां."

दार सताड उघडं होतं. 'नाही सर' एवढं म्हटलं की नागेश त्यातून बाहेर. त्याने अंकुरच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं. मग त्याच्या बोटाकडे, ज्याने तो खटका दाबला होता.

"आठवायचं कशाला? आली होती," नागेश म्हणाला. "दोनदा. मी हसलो हिला."

"म्हणजे बघा, तशी कॅज्युअली—"

"कॅज्युअली नाही. नीट सांगितलं होतं. मशीन बिघडलेलं होतं सर, आणि ते मी बिघडवलं. केबलमध्ये नको ते ग्रीस मी भरलं. गाडी गरमीत काढून ओलीच्या ओली आत मी ढकलायचो, कारण थंडीत माझे गुडघे दुखतात. कंपनीचा माणूस सांगून गेला होता. मी ऐकलं नाही." तो अंकुरकडे वळला. "तुम्ही काल गरमीत दाबून बघितलंत आणि फाइन म्हणालात. मी पण महिनाभर तेच केलं. म्हणजे या बाबतीत आपली दोघांची अक्कल एकच निघाली. याची मला जास्त लाज वाटते."

स्कॉटिश बाईला स्वप्नालीने सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्यही तिने गाळलं नाही, हे अंकुरच्या चेहऱ्यावरून ओळखता येत होतं.

बाईने पुरावा मागितला. गाडी आधी आत गार केली, लोडिंग बेमध्ये आणून तिला घाम फुटू दिला आणि ओलीच परत आत नेऊन ठेवली. काही वेळाने बाईने स्वतः खटका दाबला आणि सोडला. तो दाबलेलाच राहिला.

नागेशला नोकरीवरून काढलं. पण निघण्याआधी गाडी दुरुस्त करून द्यावी अशी विनंती झाली. दुसरा माणूस कुठे होता? नागेशने भाड्याच्या जाकिटांपैकी एक अंगात चढवलं, तेही दुसऱ्या कुणाच्या अत्तराचा वास येणारं, आणि टेकडीच्या पायथ्याशी थंडीतच बसला. केबल पुरती बाहेर काढली. आतून राखाडी लोण्यासारखं ग्रीस आणि त्यात बर्फाचे कण निघाले. त्याने केबल धुतली, हवेच्या दाबाने कोरडी केली, मग फळीवरच्या त्या पातळ स्प्रेने आतून भिजवली. तरी नवी केबल मागवा आणि ती आली की हीसुद्धा फेका असं बजावलं. वाकलेला स्कीचा दांडा बदलला. पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्या होत्या, त्याही बदलल्या. तेवढं करायला कुणी त्याला सांगितलं नव्हतं. स्वप्नाली टॉर्च धरून उभी होती.

"थँक्यू," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही केलं. तो माणूस मला शहाणा ठरवायला निघाला होता. ते मला सोसलं नाही."

"माहितीये. आणि मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाहीये, काका. सुचित्रा मॅडमच्या मनगटात प्लेट घातलीय. पोरं तिथून दोन हातांवर होती."

नागेशने पाना खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट, सरळ बघितलं. गोड बोलली असती तर त्याने तिला पुन्हा खिजगणतीत धरलं नसतं. "बरोबर," तो म्हणाला. "टॉर्च जरा खाली घे."

कुडाळला फोन केला तेव्हा प्रभावती, म्हणजे त्याची बायको, सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "खरं बोललात, चांगलं केलंत. पण त्या पोरीचं आधी ऐकलं असतंत तर खरं बोलायची पाळीच आली नसती. माझं तरी कधी ऐकता म्हणा!" आणि परत यायचं असेल तर या, मोटरपंप नादुरुस्त आहेच, असं म्हणून तिने फोन ठेवला.

नागेश परत गेला नाही. रफिकने दुबईतल्याच करामा भागातल्या एका खानावळीत शब्द टाकला, तो फिरत फिरत अल ऐनला पोचला, आणि तिथल्या सनैयात, म्हणजे गॅरेजांच्या भागात, नागेशला काम मिळालं. मालक हमदुल्ला, अफगाणी, डोंगरातला. दुबईतली हकिगत ऐकून तो पोट धरून हसला. "दुबई में बर्फ? वो बर्फ नहीं है उस्ताद, फालूदा है! आदमी फालूदा में एक्सिडेंट करता है?" गिऱ्हाईक हमदुल्लाला गाढव वाटायचं, गाडी बनवणारी कंपनी चोर वाटायची, आणि नागेशने आवळलेला प्रत्येक बोल्ट तो स्वतः पुन्हा आवळून बघायचा. पहिले काही दिवस नागेश धुमसत राहिला. मग तोही हमदुल्लाचे बोल्ट तपासायला लागला, आणि एकदा एक ढिला सापडला तेव्हा त्याने तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केला. त्यानंतर दोघांचं उत्तम जमलं.

अंकुरची बदली झाली. वरच्या जागेवर, अर्थात. ही बातमी रफिकने दिली तेव्हा नागेश फक्त थुंकला.

ती शाळा अल ऐनमध्येच होती. एका शुक्रवारी दुपारी, शाळा लवकर सुटायच्या वेळी, नागेश धुतलेला शर्ट घालून फाटकाशी जाऊन उभा राहिला. सुचित्राबाई बाहेर आल्या. प्लॅस्टर निघालं होतं. पण पर्स त्यांनी अजून उजव्याच खांद्याला लावली होती, आणि डावा हात पोटाशी धरलेला होता.

"मी धुरी," नागेश म्हणाला. "ती गाडी माझ्याकडे होती. चूक माझी होती. चालवणाऱ्या मुलीची नाही."

बाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. शाळेत उशिरा आलेल्या पोराला बघावं तसं. "हे सांगायला इतके दिवस लागले?"

"लागले."

"बरं. मग आता एक सांगा. पुढच्या वर्षीचा वर्ग आत्तापासून मागे लागलाय. पोरांना तिकडे न्यावं की नाही?"

नागेशने विचार केला. त्या जागेबद्दल, त्या माणसांबद्दल, त्या सफारीबद्दल त्याच्या मनात जे होतं ते सगळं त्याच्या जिभेवर आलं. ते त्याने गिळलं.

"स्वप्नाली खानविलकर गाडी चालवत असेल तर न्या," तो म्हणाला. "नसेल तर माघारी फिरा." मग त्याला राहवलं नाही. "बाकी तिथे बघण्यासारखं काही नाही."